शाल-श्रीफळ राहू द्या, आधी रविवार वाटून घ्या

प्रति,
कार्यकारी मंडळ आणि सर्व सभासद,
आपला क्रिकेट क्लब, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली. तिच्यातला विषय क्रमांक सहा असा: क्लबचे ज्येष्ठ खेळाडू व माजी मानद सचिव यांचा चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल जाहीर सत्कार करणे व त्यासाठीच्या खर्चास मंजुरी देणे. त्याच्याच खाली विषय क्रमांक सात: क्लबची विकेट (खेळपट्टी) आणि नेट्स एका खासगी क्रिकेट अकादमीला करारावर चालवायला देण्याबाबत विचार करणे. दोन विषय एकाखाली एक आले हा टाइप करणाऱ्याचा योगायोग असेल. मी मात्र ते जोडूनच वाचले. सहाव्यात माणसाला हार घालून खुर्चीत बसवायचं आणि सातव्यात त्याने आजवर सांभाळलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळं व्हायचं.

माझा सहाव्या विषयाला विरोध आहे. का, ते सभेत उभं राहून सांगायला लागलो तर सत्कारमूर्तीच पहिल्या रांगेतून "बस रे खाली" म्हणून ओरडतील, म्हणून लिहून काढतोय. पत्र खुलं ठेवलंय ते अशासाठी की आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा, कुठेही जा, प्रत्येक क्लबात असा एक माणूस असतोच. त्यांच्याही सभासदांनी वाचलं तर बरं.

नाव लिहीत नाही. पद सोडून बरीच वर्षं झाली तरी मैदानावर सगळे त्यांना 'सेक्रेटरी' म्हणतात, तेच इथेही चालेल.

आधी त्यांच्या खेळाबद्दल, कारण सत्काराच्या मसुद्यात 'ज्येष्ठ खेळाडू' एवढंच म्हणून पुढे 'निःस्वार्थ सेवा', 'आधारस्तंभ' वगैरे सुरू होतं. सेक्रेटरी मध्यमगती बॉलर. धावणं आठ पावलांचं, वेग असा की कीपर स्टंपला चिकटून उभा राहतो. कोरड्या विकेटवर कोणीही त्यांना मारावं. पण ते क्लबात आले १९८५ च्या पावसाळ्यात, आणि त्यांची बॉलिंग घडली ती पावसाळ्यातच. डॉ. होरमसजी कांगांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली आपली कांगा लीग मुद्दाम पावसात खेळतात, हे बाहेरगावच्या लोकांना आजही खरं वाटत नाही. विकेट भिजलेली, आउटफिल्डवर घोट्याएवढं गवत, जमिनीलगत मारलेला सुंदर ड्राइव्ह वीस पावलांवर गवतात रुतून बसतो. धावा हव्या असतील तर बॉल उचलावा लागतो, आणि उचलला की कॅच. साठ-सत्तरात अख्खी टीम गेली तरी कोणी भुवया उंचावत नाही. अशा विकेटवर सेक्रेटरींचा एक बॉल टप्पा पडून थांबतो, दुसरा गुडघ्याच्या खाली राहतो, तिसरा कुठून तरी उडतो. ते स्वतः म्हणतात, "मी काही करत नाही, मी फक्त पावसाला साथ देतो." त्यांनी किती विकेट घेतल्या ते त्यांच्याच वह्यांत आहे. मी बेरीज करायला मागितल्या होत्या. दिल्या नाहीत.

याच लीगमध्ये पद्माकर शिवलकर वर्षानुवर्षं बॉलिंग करत राहिले. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये ५८९ विकेट घेऊन ज्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही, ते शिवलकर. आपल्या सेक्रेटरींची त्यांच्याशी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. सांगायचं एवढंच की मुंबईच्या मैदानावर पुढे काय मिळेल याचा हिशेब न करता रविवारी बॉल हातात घेणं ही जुनी रीत आहे. रणजी करंडक मुंबईने ४२ वेळा जिंकला, त्यातही १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं. त्याचं श्रेय 'खडूस' वृत्तीला, म्हणजे सहजासहजी हार न मानण्याच्या चिवटपणाला, देण्यात आपण पटाईत आहोत. त्या वृत्तीला रविवारी सकाळी सात वाजता ठोकलेले स्टंप आणि मारलेली क्रीज लागते, हे बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तो रविवार कसा जातो ते सांगतो, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही.

सुरुवात शनिवारी रात्री होते. अकरा जण जमवायचे असतात. कागदावर आपल्याकडे वीसच्या वर नोंदणी झालेले खेळाडू आहेत. त्यातल्या दोघांची सीएची परीक्षा, एकाच्या मामेबहिणीचं लग्न, तिघे ठाणे किंवा नवी मुंबईच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला गेलेले, कारण तिथे रात्री दिव्यांखाली खेळून रोख पैसे मिळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण त्यांना वडापाव देतो. सेक्रेटरी दहा वाजेपर्यंत फोन करत बसतात. नऊ जण 'हो' म्हणतात, एक 'बघतो' म्हणतो. या 'बघतो'वरच लीगमधली आपली डिव्हिजन टिकून आहे. तो नाही आला तर अकरावे सेक्रेटरी. परवाच्या मोसमात सत्तावन्नाव्या वर्षी पॅड बांधून ते शेवटच्या नंबरवर गेले आणि समोरच्या पोराला स्ट्राइक देत जवळजवळ अर्धा तास उभे राहिले. सामना वाचला. त्या रात्री क्लबच्या ग्रुपवर चर्चा झाली ती त्या पोराच्या सिक्सरची.

सकाळी पहिल्या गाडीने ते मैदानात. पाऊस झाला असेल तर आधी बॉलरच्या पायाखालचे खड्डे, मग भुसा, मग माळीदादांशी वाद. रोलर आत्ता फिरवायचा की तासाभराने, यावर हे दोघे पंचवीस वर्षं भांडत आले आहेत. माती ओली असताना रोलर घातला तर ती रोलरला चिकटून वर येते, फार सुकल्यावर घातला तर काही दबतच नाही. मधली वेळ अंगठा दाबून ओळखावी लागते. दोघांचे अंगठे वेगळं सांगतात. साडेसात वाजल्यापासून फोन सुरू होतात, "मॅच आहे का?" हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण अजून अंथरुणात असतात. सेक्रेटरी पाऊस पडत असतानाही "आहे" असंच सांगतात. नाही म्हटलं तर ऊन पडल्यावर कोणी येणार नाही, हे त्यांना अनुभवाने कळलंय.

अंपायर आले की त्यांचा चहा. टॉस झाला की टीमची यादी. मग वही.

स्कोअरबुकावर जरा थांबतो, कारण सातव्या विषयाच्या टिपणात "स्कोअरिंग ॲपवर होत असल्याने मनुष्यबळाची गरज नाही" असं वाक्य आहे. ॲप चांगलं आहे. क्रिकहीरोजवर आपला सामना घरबसल्या दिसतो, पोरांचे बाप खूश असतात, मीही बघतो. पण भर पावसात फोनच्या काचेवर थेंब पडले की बोट भलतीकडे जातं आणि चौकाराचा सिंगल होतो. सेक्रेटरी पेन्सिल वापरतात. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते, पेन्सिल पसरत नाही. डाव संपला की बॅट्समनच्या धावा अधिक एक्स्ट्रा, आणि दुसऱ्या बाजूला बॉलरच्या नावावरच्या धावा अधिक बाय-लेगबाय, हे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय ते वही मिटू देत नाहीत. एका धावेचा फरक राहिला म्हणून दोन्ही संघांच्या स्कोअररना त्यांनी अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलेलं मी पाहिलंय. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. ३२६ आणि ३४९ हे आकडे आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहेत. दोन बाद ७४८ ही बेरीज कोणीतरी मैदानाच्या कडेला बसून, एकेक रेघ मारत केली होती म्हणूनच तो विक्रम ठरला. त्या कोणीतरीचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

या वह्या क्लबच्या तंबूत ओल लागते म्हणून सेक्रेटरींच्या घरी असतात. २६ जुलै २००५ ला ते कलिन्यात तळमजल्यावर राहत होते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला अवघा ७३. म्हणजे मैदानाकडे नेहमीसारखा पाऊस आणि घरी प्रलय. गाड्या बंद, सेक्रेटरी बँकेतच अडकलेले. घरी वहिनी आणि दोन लहान मुलं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा वहिनींनी आधी तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, मग मुलांना शेजारी वरच्या मजल्यावर पाठवलं, आणि मग त्या वह्यांसाठी परत खाली आल्या. तीन वह्या भिजल्या, बाकी सगळ्या वाचल्या. भिजलेल्यांच्या पानांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घालून त्यांनी त्या पंख्याखाली आठवडाभर वाळवल्या. हे मला वहिनींनी सांगितलं, सेक्रेटरींनी कधीच नाही. सत्काराच्या मसुद्यात वहिनींचा उल्लेख 'सौ.' एवढाच आहे, आणि साडी-चोळीची तरतूद आहे. वीसेक वर्षं क्लबच्या यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज आणि पॅडचे पट्टे ज्या बाईने शिवले तिला आता साडी द्यायची.

यापुढचं काम मैदानावर दिसतच नाही. आपला क्लब नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे, हे किती सभासदांना माहीत आहे? दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करून ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावं लागतं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आपल्यातले किती विश्वस्त वारले, किती परदेशी गेले, किती जण फक्त लेटरहेडवर उरले, या प्रत्येक वेळी तो कागद घेऊन कोण गेलं? बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून सेक्रेटरी गेले. बँकेत ते कारकून म्हणून लागले. ऑफिसरचं प्रमोशन दोनदा चालून आलं, दोनदा त्यांनी नाकारलं, कारण प्रमोशन म्हणजे मुंबईबाहेर बदली. बरोबरीचे लोक चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झाले. यावर ते काही बोलत नाहीत, आपणही त्यांना विचारू नये. पण त्यागाच्या कौतुकाचं भाषण करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की त्या त्यागाचा फायदा आपण सगळ्यांनी घेतला आणि कोणीही एकदासुद्धा "यंदा तुम्ही जा, क्लबचं मी बघतो" म्हटलं नाही.

माझं मुख्य म्हणणं इथे आहे. आपण सेक्रेटरींना मोठं म्हणतो ते आपली सोय म्हणून. एखाद्याला एकदा का 'ग्रेट माणूस' ठरवलं की त्याच्यासारखं काम करण्याची अपेक्षा आपल्याकडून उरत नाही. "त्यांच्यासारखं कोण करणार?" हे वाक्य मी प्रत्येक वार्षिक सभेत ऐकलंय, आणि दर वेळी ते बोलणारा माणूस चहाकडे वळलेला असतो.

एक जुना प्रसंग आठवतो, आपल्यापैकी कोणाच्याही जन्माआधीचा. १९११ मध्ये भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला. ज्यांच्या नावाने आपण लीग खेळतो ते डॉ. कांगा त्या संघात होते, आणि त्याच संघात बाळू पालवणकर होते. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. हेच बाळू पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग पूना क्लबात मैदानावरचे नोकर होते. पूना क्लबात पगार महिना चार रुपये. विकेट झाडायची, रोलर ओढायचा, क्रीज आखायची, नेट लावायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा बॉलिंग टाकायची. पुढे हिंदू संघातून खेळायला लागल्यावरही जातीमुळे त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर दिला जायचा. रोलर ओढणारा आणि खेळणारा यांच्यात आपण जी उतरंड मानतो ती किती जुनी आहे आणि कुठून आली आहे, हे त्यावरून दिसतं. आज चहा सगळ्यांना एकाच थर्मासमधून मिळतो, तेवढं बरं झालं. पण सामना संपल्यावर स्टंप उपटायला, नेट गुंडाळायला, चुन्याची बादली उचलायला आपली पोरं पुढे होत नाहीत. ते माळीदादांचं काम, नाहीतर सेक्रेटरींचं. अकादमी आल्यावर तर ते पैसे घेणाऱ्याचं काम होईल आणि प्रश्नच मिटेल.

सेक्रेटरी देवमाणूस वगैरे नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्रही सत्काराचं भाषण होईल. ते हट्टी आहेत. तंबूची किल्ली, बँकेचं चेकबुक, खेळाडूंच्या नोंदणीचा पासवर्ड, सगळं त्यांच्याच खिशात. काम दुसऱ्याला सांगितलं तरी मागे उभे राहून बघतात आणि शेवटी हातातून ओढून घेतात. चांगले दोन कॅप्टन त्यांच्या तोंडाळपणामुळे क्लब सोडून गेले. त्यातल्या एकाला त्यांनी भर मैदानात, समोरच्या टीमसमोर, "तुला टॉस जिंकायची तरी अक्कल आहे का" असं विचारलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी सचिवपद सोडलं तेव्हा नव्या सचिवाला एकही कागद नीट समजावून दिला नाही, मग तोही दोन महिन्यांत सही करण्यापुरता उरला. काम न वाटण्याची सवय त्यांना आपण लावली, पण ती त्यांनी आनंदाने लावून घेतली हेही खरं. म्हणूनच हे आता, ते धडधाकट असताना, सोडवायला हवं. उद्या त्यांचे गुडघे बसले तर क्लबची किल्ली कुठे आहे, एवढंसुद्धा आपल्याला सापडणार नाही.

पैशाचं बोलू. गेल्या वर्षीच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला एक ओळ आहे: सभासदांकडून हातउसने. ती कित्येक वर्षं तशीच पुढे ओढली जातेय आणि दरवर्षी फुगतेय. ऑडिटरने त्यावर शेरा मारलाय, बहुतेकांनी वाचला नसेल. तिथे 'सभासद' हा अनेकवचनी नाही. बॉल संपले, माळीदादांचा पगार थकला, मोसमाच्या तोंडावर लाल माती टाकायची आहे आणि वर्गणी जमलेली नाही, अशा प्रत्येक वेळी सेक्रेटरींनी खिशातून घातलेले ते पैसे आहेत. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, मैदान बंद, वर्गणी बंद. माळीदादांच्या घरी दर महिन्याला जे पोहोचत होतं ते क्लबच्या खात्यातून गेलेलं नाही, कारण खात्यात नव्हतंच. सत्कारासाठी हॉल, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचं मानधन, स्मरणिका आणि जेवण असं जे अंदाजपत्रक नोटिशीसोबत आलंय, त्याच्या बेरजेत ही हातउसनी रक्कम बऱ्यापैकी भागते. ज्याचं देणं द्यायचं राहिलंय त्यालाच वर्गणी काढून हार घालायचा, हा प्रकार मला तरी ओशाळवाणा वाटतो. ते म्हणतील, मला नकोत ते पैसे. म्हणू देत. चेक त्यांच्या नावाने काढा, मग तो वटवायचा की क्लबला देणगी म्हणून परत द्यायचा ते त्यांनी ठरवावं. देणगी दिली तर निदान पावती फाटेल आणि ताळेबंदात खरी नोंद होईल.

अकादमीबद्दल माझं मत मंडळाला वाटतं तेवढं कडवं नाही. पैसा लागतो. पावसाळा संपला की विकेट खणून, माती बदलून, गवत लावून, पाणी मारत पुन्हा बांधावी लागते, त्याचा खर्च वर्गणीत निघत नाही. अकादमी तो देणार असेल तर हरकत नाही. पण करारात काय असेल? आज सकाळी सहा ते साडेआठ आपल्या नेटवर जी पोरं येतात, त्यातली निम्मी फी भरू शकत नाहीत. क्लबच्या किटमधली बॅट घेऊन खेळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, त्यानंतर आपल्या नेटवर मुलींची संख्या वाढली. मैदानावर मुलींसाठी बाथरूम नाही, ही तक्रार आली तेव्हा मंडळाने ठराव केला. सेक्रेटरी शेजारच्या जिमखान्याच्या सुपरवायझरकडे जाऊन तीन वेळा चहा पिऊन आले आणि तिथलं बाथरूम सकाळी मुलींना उघडं मिळायला लागलं. कुठे लेखी नाही, सगळं तोंडी, सेक्रेटरींच्या शब्दावर. अकादमीचा मॅनेजर हा शब्द पाळणार का? त्याला तो माहीत तरी असणार का?

तेव्हा माझ्या सूचना अशा. विषय सहा बदलून 'क्लबच्या कामाची वाटणी' असा करावा आणि तो सात नंबरच्या आधी, जेवणाची गडबड सुरू होण्यापूर्वी घ्यावा. नोंदणी झालेल्या प्रत्येक खेळाडूने मोसमातले दोन रविवार मैदानाच्या कामाला द्यायचे, जो देणार नाही त्याची पुढच्या वर्षी नोंदणी करायची नाही, मग तो कितीही चांगला बॅट्समन असो. चांगले बॅट्समन सगळ्यात जास्त कुरकुरतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. नोंदणी, हिशेब आणि न्यासाचे कागद यासाठी तीन वेगवेगळी माणसं नेमावीत, आणि त्यांनी येत्या मे महिन्यापर्यंत सेक्रेटरींजवळ बसून सगळं लिहून घ्यावं. कोणाला कधी फोन करायचा, कुठला अर्ज कधी द्यायचा, रोलरचं बेअरिंग कोण दुरुस्त करतो, सगळं. ते चिडतील. चिडू देत, पण उठून जाऊ नका. जुन्या वह्यांचे फोटो काढून त्या जपायचं काम मी घेतो, वहिनींशी माझं बोलणं झालंय, सेक्रेटरींशी व्हायचंय. अकादमीशी करार करायचाच असेल तर सकाळचे दोन नेट क्लबच्या मुलामुलींसाठी मोफत, माळीदादांची नोकरी आणि पगार कायम, आणि कांगा लीगच्या सामन्यांसाठी विकेट आधी आपली, या अटी मसुद्यात लिहून आणा. त्याशिवाय सातव्या विषयावर मतदान घेऊ नका.

सत्काराचं म्हणाल तर तो निवृत्त झालेल्यांचा करतात. सेक्रेटरींनी यंदाच्या नोंदणीचा फॉर्म भरलाय. खेळाडू म्हणून. माझ्यासमोर भरला, वयाच्या रकान्यात जरा वेळ घेतला, मग खरं वय लिहिलं.

ठरावाचा मसुदा या पत्रासोबत सचिवांच्या ईमेलवर पाठवला आहे. नियमाप्रमाणे सभेच्या सात दिवस आधी तो पोहोचायला हवा, तसा पोहोचलाय. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक लागेल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहानंतर नेट्सवर यावं, मी तिथेच असेन. येताना कोणाकडे जुनी ताडपत्री पडून असेल तर घेऊन या, आपली फाटली आहे.

आपला,
क्लबचा एक आजीव सभासद
(माजी ऑफस्पिनर, बहुतेक वेळा बारावा)